मधला वेग

“पट्टा काढा, हेल्वेकाकू.”

हेल्वेने नुकताच लावलेला पट्टा सोडला. गाडी शिकवणाऱ्याने पट्टा, पट्टा करून तिचं डोकं खाल्लं होतं, आणि इथे गोठलेल्या समुद्रावर गाडी घालताना नेमका तोच काढायचा. बर्फ फुटलाच तर दार उघडून उडी मारता आली पाहिजे.

“मधे कुठेही थांबायचं नाही,” बर्फावरच्या रस्त्याच्या तोंडाशी पहाऱ्याला उभा असलेला तानेल म्हणाला. “पंचवीसच्या आत चालवा, नाहीतर चाळीसच्या वर. मधल्या वेगाने गेलात की खाली पाण्यात लाट उठते आणि बर्फ आतून फोडते. धुकं येतंय, तेव्हा चाळीसच्या वरच बरं. आणि काकू, तिकडे गेल्यावर कुणाची पत्रपेटी पाडू नका हं!”

एरवी ती हसली असती. पन्नाशी उलटल्यावर लायसन्स काढणाऱ्या बाईला सगळं बेट चिडवणारच. दुकानाची पत्रपेटी तिने खरोखरच चारचौघांदेखत आडवी केली होती. त्यानंतरचे ओरखडे मात्र तिला सकाळी दिसायचे. बंपर कुठे चेपला, दार कुठे घासलं, काही केल्या आठवायचं नाही. धडक बसते आणि आपल्याला कळतसुद्धा नाही, या विचाराने ती पार खचून गेली होती.

आणि मग तो शनिवार. भुरभुरत्या हिमात ती दुकानाच्या रस्त्याने घरी आली. गाडी खाचखळग्यांतून आदळत होती, नेहमीसारखीच. घरी येऊन तिने लाकडं पेटवून सॉना तापवला आणि आत निवांत घाम गाळत बसली. सकाळी म्हातारा ओस्कार त्याच रस्त्याच्या कडेला खड्ड्यात सापडला, त्याच्या पायाने रेटायच्या घसरगाडीशेजारी, डोकं फुटलेलं. बाजूला दिव्याच्या काचा पडल्या होत्या. हेल्वे अंगणात आली, तर तिच्या गाडीचा उजवा दिवा फुटला होता. आपण उबेत बसलो होतो तेव्हा तो तिथे गोठत पडला होता, हे मनात आलं की तिला सॉनाच्या दाराकडे बघवत नसे.

ओस्कार पलीकडच्या किनाऱ्यावर इस्पितळात होता, अजून शुद्धीवर नव्हता. पोलीसचौकीही तिकडेच. हेल्वे कबुली द्यायला निघाली होती. लायसन्सही टाकणार होती त्यांच्यापुढे, कायमचं.

शेजारी तिचा नवरा आर्वो हाताची घडी घालून बसला होता. तीस वर्षं गाडी त्यानेच चालवली. वसंतात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि बंदी घातली. तेव्हापासून तो तिच्यासाठी सकाळी इंजिन तेवढं गरम करून ठेवायचा. किल्ली गाडीतच असायची, बेटावर कोण काढतंय.

“अजून वळव,” तो म्हणाला. “कुणी पाहिलेलं नाही, हेल्वे. म्हातारा होईल बरा. कशाला जातेस?”

“मी माणसाला उडवलंय, आर्वो. आणि घरी बसून काय करू?”

किती जीव आहे याचा आपल्यावर, असं तिला वाटलं.

रस्त्याच्या खुणेसाठी बर्फात रोवलेल्या फांद्या धुक्यातून एकेक करून पुढे येत होत्या. सुरुवातीला काटा चाळीसच्या वर होता. मग फांदी दिसायला उशीर होऊ लागला, आणि तिच्याही नकळत तिचा पाय वर आला. तीस. गाडीखालून एक दणका ऐकू आला, खोल, तळघरात कुणी फळ्या टाकाव्यात तसा. पाठोपाठ दुसरा. समोर बर्फावर पाण्याचा काळा ओघळ पसरला.

“वेग वाढव!” आर्वो ओरडला.

तिचा पाय लाकूड झाला होता. “नाही रे होत माझ्याच्याने. तू धर ना चाक!”

“अगं, मला काही दिसत नाहीये!”

“धुक्यात कुणालाच—”

“धुक्याचं नाही सांगत. मला त्या फांद्याच दिसत नाहीत. तुलाच न्यायचंय.”

डॉक्टर म्हणाले होते त्याहून हे कितीतरी पुढे गेलं होतं. पण चाक सोपवायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. हेल्वेने दात खाऊन पाय दाबला. पस्तीस. दणका बरोबर सीटखाली आला. पंचेचाळीस. पाण्याचा ओघळ चाकांखाली चरचरला आणि मागे गेला. तिने फांद्या सोडल्या नाहीत. दणके मागे पडत पडत थांबले, आणि धुक्यात किनाऱ्यावरचे दिवे दिसू लागले.

पोलीसचौकीसमोर दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. तिने गाडी उलटी घेतली आणि एका दमात सरळ लावली. मग पर्समधून लायसन्स काढलं.

“तू बस. मी सांगून येते.”

आर्वोने तिचं मनगट धरलं.

“तू सॉनात होतीस तेव्हा मी बिअर आणायला गेलो होतो,” तो म्हणाला. “पायाखालचा रस्ता, वाटलं जमेल. याआधीही जमलं होतं... म्हणजे घासत, धडकत. त्या दिवशी काहीतरी जोरात आपटलं. मला वाटलं कुंपण.”

हेल्वे त्याच्याकडे वळली.

“आणि रविवारी कळल्यावर?”

तिने लायसन्स त्याच्यासमोर धरलं.

“मला आत जाऊ देणार होतास तू?”

“तिथे बर्फावर, मधे... तोपर्यंत हो.”

तिने हात सोडवून घेतला. त्याने चाचपत दाराची कडी शोधली, दार उघडलं. मग वळून तिच्या हातातलं लायसन्स काढून तिच्या पर्समध्ये परत घातलं.

“हे जवळ ठेव,” तो म्हणाला. “परत तुला एकटीलाच जायचंय.”