चाकांवरचं घर

लग्न होऊन शहापुरात आल्यापासून द्वारकाबाईंनी माहुलीचं रान फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. एक दिवस तिकडे जाऊन यावं, एवढंच त्यांचं मागणं. पण त्यांचे यजमान भातगिरणीवाले तात्यासाहेब! हा गृहस्थ साधं शिंकायलाही मंडप घालणारा. त्याने मोटारलॉरीवर अख्खं घर बांधून घेतलं. आत पलंग, चूल, झोपाळा आणि मागच्या फळीवर तुळससुद्धा. खोटं वाटत असेल तर त्या काळातल्या कुणालाही विचारा; माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, हा काय माझा दोष?

घर म्हटल्यावर वास्तुशांत आलीच. सहलीच्या आदल्या दिवशी भटजींनी लॉरीच्या आग्नेय कोपऱ्याखाली खड्डा खणून वास्तुपुरुष पुरला आणि हात धूत म्हणाले, "झालं. आता ही वास्तू जागची हलवायची नाही."

"अहो, उद्या माहुलीला जायचंय हिच्यातून!"

"मग गाडीची पूजा सांगायची होतीत, तात्यासाहेब. तुम्ही वास्तुशांत सांगितलीत."

सकाळी तात्यासाहेब झोपाळ्यावर तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात अंगणात यमाजीची बैलगाडी येऊन थांबली आणि द्वारकाबाई दशम्यांचं फडकं घेऊन तिच्यात चढल्या.

"थांब रे यमाजी, मीपण येतो!" तात्यासाहेब ओरडले.


"अहो, असं काय करता? नवी वास्तू रिकामी ठेवू नये," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही दिवा सांभाळा. हाक रे यमाजी!"