गांधीलमाशीची शिदोरी

उकळत्या पाण्याची किटली घेऊन मधपाळीण मधमाश्यांच्या पेट्यांमागच्या रेताड बांधावर पोहोचली, तर तिची आई लाकडी बाक ओढून नेमकी गांधीलमाश्यांच्या बिळांसमोर बसलेली.

"बाजूला व्हा तुम्ही," ती म्हणाली. "कडेच्या पेटीतल्या माश्या पार कमी झाल्यात. आज या गांधीलमाश्यांचा निकालच लावते."

आईला ती अहो-जाहो करी. तिला वाढवलं काकूनं. काकूशी ती शेवटपर्यंत अगं-तुगं करत भांडली, रुसली, गळ्यात पडली. आई दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. तिथून दर दोन महिन्यांनी पार्सल यायचं. त्यातला फ्रॉक नेहमी एक माप मोठा निघायचा. आई स्वतः मात्र क्वचितच आली. हात थरथरायला लागले तेव्हा मशीन सुटलं आणि ती लेकीकडे राहायला आली. त्याला आता आठ महिने झाले होते. लेक वेळेवर औषध देई, अंथरूण घालून देई. पण 'आई' ही हाक काही केल्या तोंडातून निघत नसे. भांडण कसलंच नव्हतं. घरात पाहुणी असावी, तसं सगळं छान चाललं होतं.

"थांब," आई म्हणाली. "ती बघ, आली."

एक गांधीलमाशी मधमाशीला पोटाशी घट्ट धरून, हेलकावे खात उतरली आणि बिळात शिरली.

"चंगळ आहे तिची," लेक म्हणाली.

"ती कुठे खातेय? तिचं फुलांवर भागतं. आठ दिवस बघतेय मी. काल एक बीळ चमच्यानं उकरलं. आत चार मधमाश्या नीट रचून ठेवलेल्या आणि एकीवर कणीएवढं अंडं. लगेच बुजवून टाकलं मी."

"म्हणजे हे सगळं पिल्लासाठी?"

"हो. शिदोरी भरते, दार बंद करते आणि जाते. पिल्लू कसं दिसतं, केवढं झालं, तिला काही कळत नाही. अंदाजानंच भरत असेल बिचारी. कमी पडायला नको म्हणून थोडं जास्तच."

लेकीनं ओतायला उचललेली किटली तशीच हातात राहिली. गांधीलमाशी बाहेर आली. मागच्या पायांनी रेती लोटत तिनं बिळाचं तोंड बुजवलं, वरून सारखं केलं आणि उडून गेली.

लेकीनं किटली दगडावर ठेवली. कडेची पेटी उद्या मळ्यापलीकडे हलवता येण्यासारखी होती. तिकडे फुलंही बरी होती. ती बाकापाशी आली.

"आई, सरक जरा," ती म्हणाली. "मलाही बघू दे."