सुलेखाआजीची पत्रं

"चष्म्यानं काय होणार? मला वाचताच येत नाही गं," शरयूआजी म्हणाली आणि अकोल्याहून आलेलं बहिणीचं पत्र तिनं नातीच्या हातात दिलं. या बहिणीला, सुलेखाला, ऐकू कमी येई, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता.

"व्हाय मी? आई आहे ना," नऊ वर्षांची आन्या म्हणाली.

"नीलांबरी घडाघडा वाचते, मला उमगत नाही. तू हळू वाचशील."

आता आली का पंचाईत! रविवारची मराठी शाळा आन्यानं रडूनओरडून सोडलेली, अमेरिकेतल्या त्यांच्या अख्ख्या नोव्हाय गावाला ठाऊक. पण आजीला नाही कसं म्हणायचं? बोट ठेवत ठेवत तिनं वाचलं. 'घरात माकड आलं. डबा उघडला. लाडू पळवला.' पत्र तिथंच संपलं.

"मग?"

"मग काय, पुढचं पत्र येईल तेव्हा कळेल. सुलेखापण जेमतेमच शिकलेली, बिचारी."

अक्षर मात्र टपोरं होतं, ओळी सरळ.

दर पंधरवड्याला आजी नवा कागद पुढे करायची. माकडानं शेजारच्या वकिलांचा चष्मा नेला, वकील माकडावर फिर्याद करायला निघाले. वाक्यं लांबत गेली. आन्या अडखळायची, चिडायची, पण पत्र काही सोडायची नाही.

आजीच्या इथल्या मुक्कामाचे सहा महिने भरत आले तशी आन्याला काळजी लागली. नागपुरात एकट्या आजीला पत्रं कोण वाचून दाखवणार? तिनं आजीला शिकवायलाच घेतलं. आजीचा 'श' काही केल्या सरळ येईना.

"अगं आजी, असं काय करतेस? पुन्हा काढ."

नीलांबरी सिंककडे तोंड करून भांडी घासत राहायची.

विमानतळावर आजीनं 'शरयू' लिहून दाखवलं. 'श' वाकडाच. "फार उपकार केलेस गं माझ्यावर," ती म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले होते. आन्या तर हुंदके देऊन रडली.

घरी येताच तिला आजीला पत्र लिहायचं होतं, मराठीत. इतकी मजेची पत्रं मला वाचू दिलीस म्हणून थँक्यू, असं. कागदासाठी तिनं आईचा ड्रॉवर उघडला. आत सुलेखाआजीची तीन नवीकोरी पत्रं होती आणि वर एक चिठ्ठी, त्याच टपोऱ्या अक्षरात. आन्यानं ती न अडखळता वाचली.

'चि. नीलांबरीस, ही उरलेली तीन. जोडाक्षरं पक्की झाली की एकेक दे. सुलेखानं पाठवली म्हण.'

खाली सही होती, शरयू. 'श' अगदी सरळ.