खानोलकरांनी दिलेला निकाल

सुगंधा वळवी तिसऱ्यांदा परीक्षेला आली, तेव्हा दिगंबर खानोलकर तिची वाटच बघत होते. एरवी रुग्णालयात त्यांचं सगळं यंत्र करायचं. नर्सिंगच्या मुलींचा हात माणसाला लागायचा तो फक्त परीक्षेत, आणि निकाल रुग्णानेच द्यायचा असे.

सुगंधाने आधी त्यांचं नाव विचारून खात्री केली, पलंगाच्या चाकांना ब्रेक लावला. पाणी सोसतंय ना, असं विचारत तिने त्यांची पाठ पुसली. काहीच चुकलं नाही. आधी दोनदा नापास झाली, तेव्हाही चुकलं नव्हतं.

"काका, आज नापास झाले तर मला कॉलेज सोडावं लागेल. माझं कुठे चुकतं, तेवढं सांगा."

खानोलकरांनी मान भिंतीकडे वळवली.

"तुझं काही चुकत नाही, पोरी. नापास झालेली मुलगी परत येते. पास झालेली येत नाही."

सुगंधाने त्यांच्या सदऱ्याची गुंडी लावली आणि हात थोडा वेळ तिथेच ठेवला.

खानोलकरांनी पलंगाजवळच्या स्क्रीनवर 'उत्तीर्ण' दाबलं.

ती गेल्यावर यंत्र नेहमीप्रमाणे पाठ पुसायला पलंगाजवळ सरकलं.

"आज राहू दे," खानोलकर म्हणाले. "पुसून झालीय."