दादाच्या प्रेसचा दांडा

"तुमच्या कॉम्प्युटरवरच्या चाचणीत प्रेसचा हा दांडा दहा हजार ठोकेसुद्धा टिकणार नाही," मी जिन्यातल्या शेजाऱ्यांसमोर इंजिनियरसाहेबांना डिवचलं. "लागली पैज? हरेल त्यानं चौकात अर्धी मिशी उतरवायची."

"काका, वाढवून ठेवा तुमची," साहेब हसले.

हाच दांडा तुटून कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर माझा दादा गेला होता. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, दांडा दहा लाख ठोके सोसतो, चूक कामगाराची.

पडद्यावर ठोके सुरू झाले. नऊ हजार दोनशे चौदाव्या ठोक्याला दांडा मोडला. दादा गेला तेव्हा प्रेसवरचा काउंटर इथंच थांबला होता.

साहेबांनी पोलाद दुप्पट जाड केलं, तरी तोच आकडा आला. मग त्यांनी ठोक्याचा जोर शून्यावर आणला. तरी दांडा त्याच ठोक्याला मोडला.

रविवारी चौकात न्हाव्यानं साहेबांच्या मिशीला वस्तरा टेकवला. गर्दी खिदळत होती. साहेबांची मान मात्र वरून कुणी ठोकल्यासारखी सारखी दबत होती.

"साहेब, हलू नका ना."

"मी कुठं हलतोय?" ते पुटपुटले.

आज पहाटे मला जिन्यात ते असेच दबताना दिसले, तेव्हापासून मी मोजतोय. आत्ताच नऊ हजार दोनशे झाले.