कणभरही मांस नाही

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर नूरजत यांनी तिसरा अहवाल टेबलावर ठेवला. युरिक ॲसिड नऊ पूर्णांक चार. दोन महिन्यांपूर्वी सात होतं, मग आठ झालं.

साइरागुलनं शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. कुबातच्या पोटात तिचं मूत्रपिंड बसवून चौदा महिने झाले होते. ते आपण एका चोराच्या हवाली केलं, असं तिला आता वाटू लागलं होतं.

डॉक्टर सरळच बोलल्या. हे असंच चढत राहिलं तर नव्या मूत्रपिंडाचं काही खरं नाही, आणि हृदयालाही धोका. आठवडाभर कुबातला दोन जिने चढताना धाप लागत होती. म्हणून आज हृदयाची सोनोग्राफीही होती.

"मांस खाता?"

"नाही," कुबात म्हणाला.

"खातो," साइरागुल म्हणाली.

कुबातची बायको मॉस्कोला कामाला गेल्यापासून, म्हणजे तीन महिने, साइरागुल त्याच्याकडे राहत होती. स्वयंपाक तिच्या हाती होता आणि पहाराही. त्यांच्याकडे वर्षश्राद्धाच्या जेवणांना न जाऊन चालत नसे. तिथे वयाच्या मानानं वाट्याला आलेलं मेंढीचं मांसाचं हाड पिशवीत घालून घरी न्यायची रीत. ती पिशवी साइरागुल दारातच उघडून बघे. हाड मांसासकट जसंच्या तसं असे. तरी तिचं समाधान होत नसे. ती यजमानिणीला फोन करी. एकदा तर चारचौघांत म्हणाली, हाड शाबूत आहे, मग मिशीला चरबी कुठून लागली रे? कुबातनं मिशी पुसली.

डॉक्टरांनी त्याला दिवसभराचं खाणं सांगायला लावलं. चहा, ब्रेड, दलिया. तो मध्येच थांबला आणि बहिणीच्या मांडीवरच्या थर्मासकडे बघू लागला.

"त्यात काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

साइरागुल उलट सुखावली. तिच्या कष्टांबद्दल कुणीतरी विचारत होतं.

"रस्सा. अंगात ताकद नको का यायला? मेंढीचं मांस हाडांसकट चार तास उकळते. मग सगळं गाळून कुत्र्याला घालते. कणभरही मांस नाही बघा त्यात."

दिवसाला किती, तर पाच वाट्या. जेवणाला बाहेर जायचं असलं की निघताना एक जास्तीची, म्हणजे तिथे भूक लागायला नको.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मांसातलं जे टाळायचं, ते उकळताना पाण्यातच उतरतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना दिलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. तो कागद कुठे आहे?

कुबातनं कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. 'रस्सा पूर्ण बंद' या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

साइरागुलनं रेघ पाहिली. अक्षर डॉक्टरांचं, रेघ त्याची.

"तुला माहीत होतं?"

"पोटातलं काढून दिलंस, ताई. वाटी नको कसं म्हणू?"

नऊ चाळीसला त्याला सोनोग्राफीसाठी आत नेलं. साडेदहापर्यंत दार उघडलं नव्हतं. साइरागुलच्या मांडीवरचा थर्मास अजून भरलेला होता, आणि गरम.