प्रचार बंद आहे

सिनेटर प्रुइट सकाळीच टीव्हीवर सांगून मोकळे झाले होते, "बँका बुडायला आल्यात. अशा वेळी मी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतं मागत हिंडणार नाही. प्रचार बंद करून मी बँका वाचवायला वॉशिंग्टनला चाललोय."

दुपारी त्यांच्याच नावाची टोपी घातलेले एक निवृत्त गृहस्थ टोलीडोतल्या लोरेटाच्या अंगणात हजर. काखेत पाट्यांचा गठ्ठा.

लोरेटा ट्रकमध्ये खोकी चढवत होती. "काय हो, प्रचार बंद आहे ना तुमचा?"

"हो ताई. तेच सांगत घरोघर फिरतोय."

त्यांनी गठ्ठ्यातली एक पाटी काढून दाखवली. ‘प्रचार बंद. आधी देश.’ आणि खाली या दोन्हींपेक्षा मोठ्या अक्षरांत ‘प्रुइट’.

"तुमच्या हिरवळीवर लावू का एक? कोपऱ्यावर टीव्हीवाले आलेत, छान दिसेल."

"लावा की. फक्त त्या दुसऱ्या पाटीला विचारा आधी."

गृहस्थांनी वळून पाहिलं. गुलाबाच्या ताटव्याजवळ बँकेची पाटी होती. घर जप्त, विकणे आहे.

ते जरा चपापले. "म्हणजे अंगण आता बँकेचं?"

"सोमवारपासून."

"अरेरे. मग परवानगी बँकेकडूनच घ्यावी लागणार."

लोरेटानं शेवटचं खोकं चढवलं आणि ट्रकचं दार लावलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या साहेबांनाच विचारायला सांगा. ते बँकेलाच वाचवायला गेलेत ना."